समितीपुढे आई-बापांनी काय सांगावे?

(साक्षरता वर्गातील पालकांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय नाजूक आहे. तो ऐकायलाही नको वाटेल. पण घर शाकारायचे ते पावसाच्या आधी. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढून उपयोग नसतो. म्हणून आजच बोलून घेऊ.

समजा, कोणाचे मूल घरातून निघून गेले आणि रेल्वे स्टेशनावर पोलिसांना सापडले. किंवा हॉटेलात कपबशा विसळताना अधिकाऱ्यांना दिसले. किंवा कोणी १०९८ या नंबरावर फोन केला, की अमक्या घरात पोराला फार मारतात. मग त्या मुलाला सरकारी माणसे ताब्यात घेतात. मागाहून आई-बापांना निरोप येतो: बाल कल्याण समितीपुढे हजर व्हा.

निरोप ऐकला की माणूस गांगरतो. काही जण दडून बसतात. काही जण दलालाचे पाय धरतात. काही जण भांडायला उठतात. आणि काही जण समोर येईल त्या कागदावर अंगठा उठवून मोकळे होतात. या चारही वाटांनी मूल जवळ येत नाही, आणखी दूर जाते. तेव्हा सरळ वाट कोणती, ते आज पाहू.

आधी ही समिती म्हणजे काय ते समजून घ्या.

आमच्या पिढीची माणसे अजून ‘रिमांड होम’ हाच शब्द वापरतात. तो शब्द जुन्या काळचा आहे. मुंबई इलाख्यात मुलांचा पहिला कायदा १९२४ साली झाला. पुढे १९८६ साली साऱ्या देशासाठी बाल न्याय कायदा आला. २००० साली तो नव्याने केला. आज चालू आहे तो २०१५ चा कायदा. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. त्याचे नावच मोठे बोलके आहे: मुलांची काळजी आणि संरक्षण.

या कायद्याप्रमाणे बाल कल्याण समिती नेमलेली असते. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सभासद असतात. त्यांत निदान एक बाई असावीच लागते. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याइतके अधिकार आहेत. म्हणजे तिचा हुकूम हा कोर्टाचाच हुकूम समजा. पण ती फौजदारी कोर्टासारखी नाही. मुलाने चोरीमारी केली असा आरोप असेल, तर ते प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. ती कचेरी वेगळी. ज्या मुलाला काळजीची आणि आसऱ्याची गरज आहे, ते मूल बाल कल्याण समितीपुढे येते. मूल ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे न्यावे लागते. कोणालाही ते परस्पर ठेवून घेता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. समितीपुढे दोन बाजूंचा खटला नसतो. एकीकडे सरकार आणि दुसरीकडे आई-बाप, असे तिथे नाही. तिथे प्रश्न एकच असतो: हे मूल कुठे सुखरूप राहील? या प्रश्नाला तुम्ही जे खरे उत्तर द्याल, तोच तुमचा बचाव. ‘आमचे पोर आहे, आम्ही काही करू’ हे उत्तर नव्हे. ‘साहेब, आम्ही गरीब आहोत’ हेही पुरे उत्तर नव्हे. मूल घरी आले तर कोठे झोपेल, कोण त्याला जेवू घालील, कोणत्या शाळेत जाईल, तुम्ही कामावर असताना कोण बघेल, ते सांगा. हे खरे उत्तर.

आणि कायदा तुमच्या बाजूने काय म्हणतो, तेही ऐकून ठेवा. त्याच्या आरंभीच काही तत्त्वे सांगितली आहेत. मुलाला सांभाळण्याची पहिली जबाबदारी घरच्यांची आहे, हे एक तत्त्व. मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय, हे दुसरे. होईल तितक्या लवकर मूल आपल्या घरी परत जावे, हा त्याचा हक्क आहे, हे तिसरे. आणि ज्याचा संबंध आहे त्याचे म्हणणे नीट ऐकून मगच निर्णय करावा, हे चौथे. हे चौथे तत्त्व तुमच्या फार कामाचे आहे. तुमचे ऐकून घ्या असे तुम्ही म्हणालात, तर ती मेहेरबानीची याचना नाही. तो तुमचा हक्क आहे.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, कारण ती माणसे आपल्यासारखीच गावात नांदत आहेत.

बीड जिल्ह्यातले एक जोडपे दर वर्षी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाई. त्या वर्षी ते सांगलीकडच्या एका कारखान्यावर होते. दहा वर्षांचा मुलगा गावी आजीजवळ राहिला. पौषात आजीला ताप भरला. शेजाऱ्यांनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. पोराला वाटले, आपण आईकडे जावे. तो रेल्वेत बसला आणि भलत्याच स्टेशनावर उतरला. पोलिसांनी त्याला पाहिले. तो समितीपुढे आला आणि बालगृहात राहिला.

निरोप गावच्या पोलीस पाटलाकडे आला, तिथून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोपीवर. त्यात आठ दिवस गेले. बाप म्हणाला, “आपण गेलो की आपल्यालाच आत टाकतील. थोडं थांबू.” मुकादम म्हणाला, “उचल फिटल्याशिवाय फड सोडायचा नाही.” पण आई म्हणाली, “तुम्ही या नाहीतर राहा. मी निघाले.” तेव्हा बापही निघाला.

दरम्यान समितीच्या सांगण्यावरून एक कार्यकर्ता गावी चौकशीला जाऊन आला होता. घराला कुलूप. शेजारच्या बाया रानात गेलेल्या. त्याने अहवालात लिहिले: ‘घर बंद. आई-वडील मुलास सोडून परगावी. शिक्षणाकडे दुर्लक्ष.’ त्याने जे पाहिले ते लिहिले. त्यात त्याचा दुष्टावा नव्हता. पण कुलूप लावलेल्या घराची पुरी हकीकत कुलूप पाहून कळत नाही.

ही आई आपल्यासारख्याच वर्गात अक्षर शिकली होती. अध्यक्षीणबाईंनी तो अहवाल वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “बाई, मला एकदा वाचू द्या. मी सावकाश वाचते.” तिने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. मग म्हणाली, “पहिली ओळ खरी आहे, घर बंद होतं. दुसरी अर्धी खरी आहे. आम्ही परगावी होतो, पण पोराला सोडून दिलं नव्हतं, सासूबाईंपाशी ठेवलं होतं. तिसरी खरी नाही. मला आठ दिवस द्या. मी कागद आणते.”

समितीने तारीख दिली. त्या आठ दिवसांत ती गावी गेली. शाळेतून हजेरीचा दाखला आणला. आजी आजारी पडेतो मुलगा रोज शाळेत होता, हे त्यात दिसत होते. दवाखान्यातून आजीचा कागद आणला. दर पंधरवड्याला गावी पैसे पाठवले होते, त्याची नोंद किराणा दुकानदाराच्या वहीत होती. तिची नक्कल आणली. आणि सगळ्यांत शहाणपणाचे काम म्हणजे, पुढच्या हंगामात मुलाला गावच्या हंगामी वसतिगृहात घेऊ, असे शाळेकडून लिहून आणले. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठीच ही सोय असते.

दुसऱ्या तारखेला मुलालाही विचारले. तो म्हणाला, मला घरी जायचे आहे. मग जरा थांबून म्हणाला, “पण बाबा दारू पिऊन मारतात.”

खोलीत सगळे गप्प झाले. अध्यक्षीणबाईंनी बापाला विचारले, “खरं आहे का?” बापाने मान खाली घातली. आईने त्याच्याकडे पाहिले, पण त्याच्या वतीने ती बोलली नाही. शेवटी तोच म्हणाला, “खरं आहे. दोनदा मारलं. पोरगं खोटं बोलत नाही.”

तुम्हाला वाटेल, आता सारे बिघडले. तसे झाले नाही. त्याने नाकारले असते, तर ‘पोर खोटारडे आहे’ असेच म्हणावे लागले असते, आणि ज्या घरात मुलाचे खरे बोलणे खोटे ठरवतात, त्या घरी मूल कोण पाठवील? समितीने बापाला समुपदेशकाकडे जाण्यास सांगितले. व्यसनमुक्तीचा सल्ला घेण्यास सांगितले. आणि मूल देखरेखीखाली आई-बापांच्या स्वाधीन केले. देखरेख म्हणजे काय? कार्यकर्ता मधून मधून घरी येतो. मुलाशी एकट्याने बोलतो. शाळेत चौकशी करतो आणि समितीला कळवतो. बापाला ते प्रथम अपमानाचे वाटले. आईला नाही वाटले. ती म्हणाली, “येऊ द्या की. आमच्या घरात पाहण्यासारखं काही वाईट राहिलं नाही म्हणजे झालं.”

या गोष्टीतून काय घ्यायचे, ते आता एक एक करून सांगतो.

पहिली गोष्ट: तारीख चुकवू नका. मूल समोर आल्यावर चौकशी सुरू होते. सामाजिक तपासणीचा अहवाल १५ दिवसांत व्हावा आणि शेवटचा हुकूम चार महिन्यांच्या आत व्हावा, असे कायदा सांगतो. आई-बाप सापडलेच नाहीत, कोणी पुढे आलेच नाही, आणि मूल टाकून दिलेले आहे असे चौकशीत ठरले, तर समिती ते मूल दत्तक देण्यास मोकळे जाहीर करू शकते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत त्याला दोन महिन्यांची मुदत आहे, त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांची. भीतीने दडून बसलेला बाप आणि मूल टाकून गेलेला बाप कागदावर सारखेच दिसतात. म्हणून काहीही झाले तरी हजर व्हा. येणे शक्यच नसेल तर अर्ज पाठवा, निरोप पाठवा आणि पुढची तारीख मागा.

दुसरी गोष्ट: वाचल्याशिवाय सही नको, अंगठा नको. वाचता येत नसेल तर ‘वाचून दाखवा’ म्हणा. समजले नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणा. त्यात लाज कसली? विशेष करून एक कागद ओळखून ठेवा. मूल आम्ही कायमचे देऊन टाकतो, असा तो कागद असतो. त्याला समर्पणपत्र म्हणतात. ते समितीपुढेच करावे लागते, दवाखान्यात किंवा कोणाच्या घरी नव्हे. आणि ते केल्यावरही आई-बापांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत मन बदलले तर समितीकडे जाऊन तसे सांगा. दोन महिने उलटून गेल्यावर हळहळून काही होत नाही.

तिसरी गोष्ट: तोंडी बोलण्याला कागदाची जोड द्या. जन्माचा दाखला, शिधापत्रिका, आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड दाखला, लस टोचल्याचे कार्ड, मुलाबरोबरचा जुना फोटो, हे सारे एका पिशवीत घाला. शाळेच्या कागदाला फार वजन असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो, कारण आमचा सारा जन्म हजेरीपटांत गेला. मूल रोज शाळेत येत होते, हे हजेरीपट सांगतो. पालक भेटायला येत होते, हे शिक्षक सांगतात. त्यासाठी संकटाची वाट पाहू नका. शाळेत जात राहा. अर्ज द्याल त्याची एक नक्कल आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. हुकूम होईल त्याची प्रत मागून घ्या.

चौथी गोष्ट: खरे सांगा, आणि पुढचे सांगा. झाले ते झाले एवढेच सांगून थांबू नका. पुन्हा होऊ नये म्हणून काय सोय केली ते सांगा. गरिबी हा गुन्हा नाही. केवळ गरिबीपायी मूल आई-बापांपासून तोडू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आपल्या कायद्यातही असे म्हटले आहे, की आई-बापांच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने मूल सोडावे लागले, तर ते जाणूनबुजून केले असे धरायचे नाही आणि त्याबद्दल शिक्षाही करायची नाही. उलट अडचणीतल्या घराला मदत देण्याची तजवीज आहे. मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या नियमांत, घरीच वाढणाऱ्या गरजू मुलासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद केलेली आहे. आपल्या राज्याची बालसंगोपन योजनाही आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. ‘मूल ठेवून घेण्यापेक्षा आम्हाला सांभाळायला मदत करा’ असे म्हणणे, हाही बचावच आहे.

पाचवी गोष्ट: मुलाला पढवू नका. समितीपुढे मुलाचेही ऐकतात, आणि ते ऐकलेच पाहिजे. ‘असे म्हण, तसे म्हणू नकोस’ असे भेटीच्या वेळी त्याच्या कानात सांगू नका. त्याला खाऊ न्या, घरची खुशाली सांगा, ‘आम्ही तारखेला येतो आहोत’ एवढे सांगा. मुलाला त्याचाच धीर असतो.

सहावी गोष्ट: दलालाला पैसे देऊ नका. वकील पाहिजे असेल तर तो फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईमाणसाला, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, तालुक्याला समिती असते. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. घरातल्या आईने अर्ज केला तर काम सोपे होते, हे ध्यानात ठेवा.

आता कोणी विचारील, समितीचा हुकूमच चुकला तर? तर अपील आहे. हुकमाच्या तारखेपासून ३० दिवसांत बाल न्यायालयाकडे अपील करता येते. उशीर झाला आणि त्याला सबळ कारण असले, तर तेही ऐकतात. समितीच्या कामाबद्दल तक्रार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याच्यावर हायकोर्ट आहेच. म्हणून समितीच्या खोलीत आरडाओरडा करू नका. ‘हुकमाची प्रत द्या, आम्हाला अपील करायचे आहे’ हे शांतपणे म्हटलेले एक वाक्य शंभर शिव्यांपेक्षा जड असते.

हे संकट फक्त अडाण्यावर किंवा गरिबावर येते असेही समजू नका. बंगालमधले एक शिकलेले कुटुंब नोकरीनिमित्त नॉर्वे देशात राहत होते. २०११ साली तिथल्या बाल कल्याण खात्याने त्यांची दोन्ही लहान मुले काढून घेतली. भाषा परकी, चालीरीती परक्या, आईचे म्हणणे कोणाला पटेना. २०१२ साली मुले भारतात काकांच्या ताब्यात आली, आईच्या नव्हे. पण ती आई खचली नाही. ती वर्धमान जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे गेली, मग कलकत्ता हायकोर्टात गेली. जानेवारी २०१३ मध्ये मुले तिच्या स्वाधीन झाली. २०२३ साली या हकीकतीवर हिंदी चित्रपटही निघाला. परदेशात दाद मिळेना, ती तिला इथे मिळाली. का? कारण तिने दार ठोठावणे सोडले नाही आणि रीतसर मार्ग सोडला नाही.

आता शेवटचे आणि थोडे कडू बोलतो. काही घरांत मुलांना खरोखर चटके देतात, उपाशी ठेवतात, कोवळ्या वयात कामाला जुंपतात, पोरीचे लग्न लवकर उरकतात. तिथे समितीने मूल बाजूला काढले तर ते बरोबरच आहे. तशा आई-बापांना बचावाच्या युक्त्या शिकवायला आम्ही इथे उभे नाही. मुलाशी क्रूरपणा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा बचावाची तयारी समितीच्या दारात सुरू होत नाही. ती आपल्या घरात, रोजच्या वागण्यात होत असते. मुलावर हात उगारताना थांबलात, पोराला कामावर न धाडता शाळेत धाडलेत, परगावी जाताना त्याची नीट सोय लावून गेलात, की निम्मा बचाव तिथेच झाला.

उरलेला निम्मा बचाव तुमच्या हातातल्या पाटी-पेन्सिलीत आहे. तुम्ही इथे रोज संध्याकाळी दमून येता आणि एक एक अक्षर गिरवता. लोक विचारतात, या वयात शिकून काय कलेक्टर होणार काय? त्यांना सांगा, कलेक्टर नाही व्हायचे. पण कधी वेळ आलीच, तर माझ्या मुलाबद्दल कोणी काय लिहिले आहे, ते मला स्वतः वाचता आले पाहिजे. आणि ते चूक असेल तर ‘ही ओळ खरी नाही’ असे बोट ठेवून म्हणता आले पाहिजे.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या मुलाचा जन्माचा दाखला आणि शाळेचा कागद घेऊन यावे. नाव, जन्मतारीख, आई-बापांची नावे बरोबर आहेत की नाहीत, ते आपण सारे मिळून वाचून पाहू. चूक असली तर दुरुस्तीचा अर्ज इथेच लिहू.